एका फुलीची वंशावळ

सासर अमेरिकेतलं, तेही शेतकऱ्याचं. गोठ्यातल्या गाई विकल्या गेल्या आणि सासऱ्यांना एकदम प्रश्न पडला, की आपण मुळात इथे आलो कसे? उत्तर शोधायचं काम पुण्याच्या सुनेवर येऊन पडलं...

तुमच्या पणजोबांचं नाव काय? थांबा, लगेच आईला फोन लावू नका. आठवून सांगा. आजोबांपर्यंत आपण सगळेच फर्स्ट क्लासमध्ये पास होतो. पणजोबांचं नाव श्राद्धाला गुरुजींनी विचारलं की काकांकडे बघावं लागतं. आणि खापरपणजोबा? तिथे आपल्या सगळ्यांची रेंज जाते.

माझ्या सासरी उलटा प्रकार होता. त्यांच्याकडे नाव होतं, गोष्ट होती आणि ती गोष्ट दर थँक्सगिव्हिंगला टर्कीबरोबर वाढली जायची. मी पुण्याची, नोकरी मॅडिसनमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंगची आणि नवरा तिथून तासाभरावरच्या शेतकऱ्याचा मुलगा. दक्षिण विस्कॉन्सिनमध्ये दोनशे एकरांच्या आसपास जमीन, लाल रंगाचा गोठा, दोन सायलो. सिनेमात दाखवतात तस्सं. गोष्टही सिनेमात शोभावी अशी. घराण्याचा मूळपुरुष इंग्लंडमधल्या एका बड्या असामीचा धाकटा मुलगा. बापाशी भांडला, इस्टेटीवर पाणी सोडलं आणि खिशात चार नाणी घेऊन अमेरिकेला निघाला. एलिस आयलंडवर उतरला, तिथल्या कारकुनाने आडनावाचं स्पेलिंग बदलून टाकलं. पुढे कष्टाने जमीन घेतली वगैरे वगैरे.

२०२४च्या वसंत ऋतूत सासऱ्यांनी गाई विकल्या. वय बहात्तर, गुडघे दोन्ही गेलेले, मुलगा कॉम्प्युटरवाला, मुलगी नर्स. ते काही एकटे नाहीत. विस्कॉन्सिनमध्ये २००४च्या सुमारास दूध-व्यवसायाचे पंधरा हजारांहून जास्त कळप होते. २० वर्षांनी ते सहा हजारांच्या खाली आले. पण आकडा पेपरात वाचणं वेगळं आणि पहाटे साडेचारला सवयीने उठून रिकाम्या गोठ्यात जाऊन उभं राहणं वेगळं. जमीन विकायची की शेजाऱ्याला भाड्याने द्यायची, हा प्रश्न होताच. त्या दिवसांत ते एकदा मला म्हणाले, "तू ऑफिसात लोकांच्या कामातल्या चुका शोधायचे पैसे घेतेस ना? मग ही आमची गोष्ट तपासून दे. जमिनीचं काही करण्याआधी मला खरं काय ते कळू दे."

आता बोला! सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं, ते हे.

उलट्या पावलांनी

वंशावळ शोधायचा पहिला नियम म्हणजे मूळपुरुषापासून सुरुवात करायची नाही. आपल्यापासून करायची आणि एकेक पायरी मागे जायचं. प्रत्येक पायरीला कागद हवा. "आमच्या घरात असंच म्हणतात" हा कागद नव्हे.

पहिली विकेट एलिस आयलंडची पडली आणि तीही पाच मिनिटांत. ते केंद्र सुरूच झालं १८९२ मध्ये. सासरचं सर्वांत जुनं थडगं त्याच्या कितीतरी आधीचं. शिवाय कारकुनाने नाव बदलल्याची कथा अमेरिकेतल्या निम्म्या घरांत सांगतात, पण प्रवाशांच्या याद्या जहाज सुटायचं त्या बंदरातच तयार व्हायच्या. एलिस आयलंडवरचे अधिकारी फक्त त्या यादीशी माणूस पडताळून बघायचे. स्पेलिंग बदललं ते वेगळ्याच कारणाने. ज्याला लिहिता येत नाही, त्याचं नाव समोरचा जसं ऐकेल तसं लिहितो. पण ते मला नंतर कळलं.

अमेरिकेची जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी होते आणि लोकांची नावं असलेले कागद ७२ वर्षांनी सगळ्यांसाठी खुले होतात. १९५०चे कागद २०२२च्या एप्रिलमध्ये उघडले. त्यात सासऱ्यांचे आईवडील सापडले, नवं लग्न झालेलं, त्याच शेतावर. तिथून मागे १९४०, १९३०, १९२०... लोकलच्या स्टेशनांसारखी पिढ्यांची नावं येत गेली. १९०० सालची जनगणना तर लॉटरीच. त्यात जन्माचा महिनासुद्धा विचारलाय आणि बाहेरून आलेला असेल तर कोणत्या साली आला तेही.

मग खड्डा. १८९०च्या जनगणनेचे जवळजवळ सगळे कागद १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीत गेले. अमेरिकेत पूर्वज शोधणारा प्रत्येक जण या आगीला शिव्या घालतो. विस्कॉन्सिनवाल्यांचं नशीब म्हणजे राज्याने १८५५ पासून १९०५ पर्यंत मधल्या पाचव्या वर्षांना स्वतःची वेगळी मोजणी केली होती. त्या फळकुटावरून मी खड्डा ओलांडला.

मला सगळ्यात आवडलं ते मात्र शेतीचं वेगळं रजिस्टर. १८५० ते १८८० या चार जनगणनांमध्ये शेतकऱ्याच्या नावापुढे किती एकर जमीन लागवडीखाली, किती पडीक, बैल किती, दुभत्या गाई किती, गहू किती बुशेल, लोणी किती पौंड, हे सगळं लिहिलंय. १८५० मध्ये मूळपुरुषाकडे बैलजोडी आणि तीन गाई. १८८० मध्ये त्याच्या मुलाकडे गव्हाचा आकडा घसरलेला आणि गाई वाढलेल्या. विस्कॉन्सिनची अख्खी कथा या दोन ओळींत आहे. आधी गहू, मग किडीने आणि दमलेल्या जमिनीने गव्हाचं पीक बसवलं आणि मग दूध. सासऱ्यांना मी तो तीन गाईंचा आकडा दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "तीन? मग मी विकल्या त्या सगळ्या या तिघींच्या नावावर."

मुलं कुठे जन्मली?

१८५०ची जनगणना आणखी एका कारणासाठी महत्त्वाची. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहायचे, बाकीच्यांच्या नुसत्या रेघा. १८५० पासून घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय आणि जन्मस्थळ आलं. (प्रत्येकाचं म्हणजे गुलाम सोडून प्रत्येकाचं. त्यांचं वेगळं रजिस्टर होतं आणि त्यात बहुतेक ठिकाणी नावंच नाहीत.)

तर त्या पानावर मूळपुरुष, जन्म इंग्लंड. बायको, जन्म इंग्लंड. मुलगी, एकवीस वर्षांची, इंग्लंड. मुलगा, इंग्लंड. त्याच्या खालचा बारा वर्षांचा मुलगा, जो माझ्या नवऱ्याचा थेट पूर्वज, त्याच्यापुढे लिहिलंय 'कॅनडा'. त्याच्या खालची मुलगी, पुन्हा कॅनडा. आणि शेंडेफळ विस्कॉन्सिन.

कॅनडा? गोष्टीत कॅनडा नव्हताच की!

लेकरांच्या जन्मस्थळांनी प्रवासाचा अख्खा नकाशाच काढून दिला. १८३५च्या आसपास इंग्लंड सुटलं, किमान तीन-चार वर्षं कॅनडात काढली आणि १८४६च्या आत विस्कॉन्सिन. पण इंग्लंडमध्ये नेमकं कुठलं गाव? थडग्यावर फक्त 'विल्टशायर'. म्हणजे आपल्याकडे 'जिल्हा सातारा' एवढंच लिहिण्यासारखं. तिथे कोणाच्या दारात उभं राहणार?

उत्तर मिळालं मोठ्या मुलीकडून. ती सासरच्या मंडळींच्या विस्मरणात गेलेली, कारण लग्न होऊन दुसऱ्या काउंटीत गेली होती. पण ऐंशी वर्षं जगली आणि तिच्या मृत्यूनंतर तिथल्या गावच्या पेपरने अर्धा कॉलम लिहिला. त्यात सॅलिसबरीजवळच्या एका खेड्याचं नाव होतं आणि वाक्य होतं, की सात वर्षांची असताना ती आईवडिलांबरोबर आधी कॅनडाला आली. नाव चालवायला मुलगे, पण पत्ता जपून ठेवला मुलीने. हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या नुसत्या हसल्या. म्हणाल्या, "यात नवीन काय?"

एक नाव, दोन माणसं

गाव कळलं आणि आता इंग्लंडचे कागद. ते अमेरिकेपेक्षा जुने आणि जास्त शिस्तीचे. चर्चच्या नोंदवह्या ठेवायचा हुकूम निघाला १५३८ मध्ये. म्हणजे आपल्याकडे विजयनगरचं साम्राज्य जोरात होतं तेव्हा. सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी सुरू झाली १ जुलै १८३७ पासून. घरातल्या सगळ्यांची नावं टिकून राहिलेली पहिली देशव्यापी जनगणना १८४१ची. तिच्यात एक गंमत आहे. पंधरा वर्षांवरच्यांची वयं खालच्या पाचाच्या पटीत उतरवायची होती. एकोणचाळीसचा माणूस पस्तीसचा व्हायचा. आपल्याकडे असतं तर बायकांनी जनगणनेच्या दारात रांगा लावल्या असत्या.

इंटरनेटवर कोणीतरी आधीच या घराण्याचं झाड लावून ठेवलं होतं. मूळपुरुषाचं नाव, जन्म १८०३, बाप मोठा शेतकरी, आणि तिथून मजल्यावर मजले चढवत थेट नॉर्मन सरदारांपर्यंत. म्हणजे थँक्सगिव्हिंगची गोष्ट खरी! नवरा खूश. मी टेस्टर. मला खूश व्हायचे पैसे मिळत नाहीत.

गावच्या बाप्तिस्म्याच्या वहीत त्याच नावाची दोन मुलं होती. एक १८०३ सालचं, दुसरं १८०६ सालचं, बहुतेक चुलत-चुलत भाऊ. एका बाजूला मोठी शेती कसणारं घर, दुसऱ्या बाजूला मजुराचं. आपला कोणता? मी १८५१ची इंग्लंडची जनगणना उघडली. त्या वर्षी शेतकऱ्यांनी किती एकर कसतो आणि किती मजूर लावतो हेही सांगायचं होतं. आणि हे काय, शेतकऱ्याचा मुलगा चक्क त्याच गावात बसलेला. शेकडो एकर, नऊ मजूर, बायको, मुलं, मोलकरीण. तो कुठेही गेला नव्हता. जायचं कारणच काय होतं?

गेला होता दुसरा. १८२८ मध्ये त्याचं लग्न झालं. इंग्लंडमध्ये १७५४ पासून लग्नाच्या वहीत नवरा-नवरी आणि साक्षीदारांच्या सह्या घेतात. आपल्या मूळपुरुषाच्या नावापुढे सही नाही, एक फुली आहे. बायकोच्या नावापुढे दुसरी फुली. १८२९ मध्ये मुलीचा बाप्तिस्मा, बापाचा धंदा 'लेबरर'. १८३२ मध्ये मुलगा, पुन्हा 'लेबरर'. नॉर्मन सरदार गेले, उरला शेतमजूर.

(बाय द वे, लग्नाच्या त्या जुन्या नोंदीत नवरीच्या आईचं नाव नाही. १८३७ नंतर बापाचं नाव आणि धंदा लिहू लागले. आईचं नाव इंग्लंडमधल्या लग्नाच्या नोंदीत यायला २०२१ साल उजाडलं. वाचून मी दोनदा तारीख तपासली.)

गावाने दिलेलं तिकीट

गेल्या वर्षी पुण्याला येताना आम्ही चार दिवस इंग्लंडला थांबलो. नवऱ्याला स्टोनहेंज बघायचं होतं, मला चिपनहॅम. तिथे विल्टशायर अँड स्विंडन हिस्टरी सेंटर आहे, जिल्ह्याचे जुने कागद सगळे तिथे. पेन आत न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. वही फोमच्या उशीवर ठेवून पानं उलटायची. तान्ह्या बाळाला अंघोळ घालतात तसं.

विल्टशायरच्या मजुराची तेव्हाची अवस्था वाचून मान खाली जाते. मजुरी आठवड्याला सात-आठ शिलिंग, इंग्लंडमधल्या सर्वांत कमी मजुरीत गणना व्हायची अशी. सामायिक कुरणं बांध घालून खासगी झालेली. हिवाळ्यात एकच काम हातात असायचं, खळ्यावरची मळणी. आणि मळणीयंत्रं आली. १८३० मध्ये दक्षिण इंग्लंडभर मजुरांनी ती यंत्रं फोडली. 'कॅप्टन स्विंग' या खोट्या नावाने धमकीची पत्रं जायची म्हणून तो 'स्विंग' उठाव. १९ जणांना फाशी झाली, पाचशेच्या आसपास लोक ऑस्ट्रेलियाला धाडले गेले. विल्टशायर त्या उठावाच्या ऐन मध्यभागी होतं.

गंमत बघा. सासरच्या दिवाणखान्यात एक जुना फोटो आहे. वाफेवरचं मळणीयंत्र आणि त्यासमोर छाती काढून उभे असलेले सगळे शेजारी. विस्कॉन्सिनमध्ये मळणीचा दिवस म्हणजे गावजेवण असायचं. जे यंत्र इकडे घास काढून घेत होतं, तेच तिकडे स्वतःच्या शेतात आल्यावर दागिना झालं. यंत्र तेच. फक्त जमीन कोणाची, हे बदललं होतं.

उठावानंतर गरिबांना पोसायचा खर्च कमी कसा करावा, याचं डोकं लढवलं गेलं. तेव्हा गरिबांची जबाबदारी पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावावर असायची. १८३४च्या नव्या गरीब कायद्याने गावांना मुभा दिली, की कर्ज काढा आणि गरिबांना वसाहतींत पाठवून द्या. त्याच जिल्ह्यातल्या डाउनटन गावाने १८३६ मध्ये दोनशेहून अधिक माणसं कॅनडाला पाठवली. वसाहत हवी, म्हणून कॅनडा. अमेरिका नव्हे. माझ्या जनगणनेच्या पानावरच्या 'कॅनडा'चा उलगडा असा झाला.

आमच्या गावच्या हिशेबाच्या वहीत ते पान सापडलं. साल तेच, १८३६. स्थलांतर करणाऱ्यांची यादी, त्यात मूळपुरुष, बायको, दोन मुलं. पुढे बुटांचे जोड, दोन ब्लँकेटं, जहाजाचं भाडं, उतरल्यावर हातात द्यायची रक्कम. सगळं मिळून एकवीस पौंड आणि वर काही शिलिंग. मी मोबाईलवर भागाकार केला. आठवड्याला आठ शिलिंगांच्या हिशेबाने त्याची साधारण एक वर्षाची मजुरी.

म्हणजे बापाशी भांडण नाही, इस्टेट नाही, बाणेदारपणा नाही. गावाने वर्षभराच्या मजुरीएवढ्या पैशांत चार तोंडं कायमची कमी केली.

दुसऱ्या दिवशी त्या खेड्यात गेलो. दगडी चर्च सुंदर, आवारात जुनी थडगी भरपूर. आमच्या घराण्याचं एकही नाही. मजुरांना दगड परवडायचे नाहीत. १८४० च्या सुमारास काढलेला चर्चच्या साऱ्याचा मोठा नकाशा मी चिपनहॅमला पाहिला होता. प्रत्येक शेत, मालक कोण, कसणारा कोण, सगळं क्रमांकासह. त्यात मूळपुरुषाच्या मागे राहिलेल्या भावाच्या नावावर एक झोपडी आणि परसू, तेही भाड्याचं. एवढंच. विस्कॉन्सिनमध्ये तोवर काहीच नव्हतं, पण इथे काहीही कधीच होणार नव्हतं.

रात्री हॉटेलमधून सासऱ्यांना फोन केला. मी वाक्यं जुळवून ठेवली होती, की शेवटी महत्त्वाचं काय तर त्याची जिद्द वगैरे. त्यांनी ती ऐकलीच नाहीत. विचारलं, "किती पैसे दिले गावाने?" मी आकडा सांगितला, हिशेब सांगितला. बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "वर्षभराच्या खर्चात कायमचा प्रश्न सुटला. हिशेब बरोबर आहे त्यांचा. आटलेली गाय मीही असाच आकडा मांडून काढतो."

फोन ठेवल्यावर मी नवऱ्याला काही सांगितलं नाही. त्याने स्पीकरवर ऐकलंच होतं.

रांगेत कोण उभं होतं?

एक प्रकरण बाकी होतं. माझ्या नणंदेचा नवरा माणूस दिलदार, पण दर थँक्सगिव्हिंगला दुसऱ्या ग्लासनंतर त्याचं एक वाक्य ठरलेलं. "आमचे पूर्वज कायद्याने आले, रांगेत उभे राहून आले." बोलताना तो माझ्याकडे बघत नाही. तेच जास्त कळतं. माझ्या ग्रीनकार्डाची फाईल दोन किलोंची आहे. लग्नाचे फोटो, बँकेची स्टेटमेंट्स, बोटांचे ठसे, आणि "तुमच्या पलंगाची कोणती बाजू कोणाची" असल्या प्रश्नांची तयारी. रांग म्हणजे काय ते मला माहीत आहे.

तर मी मूळपुरुषाची रांग शोधली. कॅनडातून अमेरिकेत तो कधी शिरला? कागद नाही. असणारही नाही. कॅनडाच्या बाजूने येणाऱ्यांच्या नोंदी अमेरिकेने ठेवायला घेतल्या त्या १८९५ पासून. क्युबेकच्या बंदरात उतरणाऱ्यांच्या याद्याही सलग मिळतात त्या १८६५ नंतरच. व्हिसा पहिल्या महायुद्धाच्या काळातला, दर वर्षी किती जण यायचे याची सरसकट मर्यादा १९२१ची. बायको-मुलं घेऊन तो बोटीत बसला आणि आला. रांग नव्हती, दार नव्हतं, विचारणारा कोणी नव्हता. कायदा त्याने मोडला नाही. मोडायला कायदाच नव्हता.

नागरिकत्वाचा कागद मात्र काउंटीच्या कोर्टात मिळाला. 'ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंडची राणी व्हिक्टोरिया' हिच्यावरची निष्ठा सोडण्याचा इरादा त्याने नोंदवलाय. खाली पुन्हा तीच फुली. मी ती वाचताना हसले. त्याच व्हिक्टोरियाच्या नावाने १८५८ पासून आमच्या पूर्वजांवर राज्य सुरू झालं. विल्टशायरच्या मजुराने एका फुलीत तिला रामराम केला, आम्हाला १९४७ पर्यंत थांबावं लागलं.

पण ती फुली करण्याचा हक्कही सगळ्यांना नव्हता. १७९०च्या कायद्याप्रमाणे नागरिकत्व फक्त 'स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं'ना. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की भारतीय माणूस या कायद्यापुरता गोरा नाही. ते गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, तरीही. भारतीयांना नागरिक व्हायची वाट मोकळी झाली १९४६ मध्ये आणि तेव्हा कोटा ठरला वर्षाला १०० माणसांचा. अक्षर ओळख नसलेल्या गोऱ्या मजुराला जे पाच वर्षं राहून मिळत होतं, ते शिकलेल्या हिंदुस्थानी माणसाला मिळत नव्हतं. हे मी भांडायला सांगत नाहीये. तारखा सांगतेय.

सातबाऱ्याची पहिली ओळ

जमिनीच्या कागदांचा गठ्ठा सासऱ्यांच्या कपाटातच होता. त्याला तिथे 'अ‍ॅब्स्ट्रॅक्ट ऑफ टायटल' म्हणतात. आपल्या फेरफाराचा मोठा भाऊ. कोणाकडून कोणाकडे गेली, गहाण कधी, सुटली कधी. १८४६ मध्ये पहिले ८० एकर सरकारकडून विकत घेतले. दर एकरी सव्वा डॉलर, एकूण १०० डॉलर. सरकारी सनदेवर राष्ट्राध्यक्ष जेम्स पोल्क यांचं नाव. ज्याच्या नावावर विल्टशायरमध्ये परसूही नव्हतं, त्याला दहा वर्षांत ८० एकर! खरं सांगते, ते वाचून घशात काहीतरी अडकलं.

आणि मग मला पहिली ओळ दिसली. 'युनायटेड स्टेट्स'कडून मूळपुरुषाकडे. त्याच्या वर काही नाही. कोरं. सातबारा बघत मोठी झालेली मुलगी विचारणारच, की सरकारकडे कोणाकडून आली?

हो-चंक लोकांकडून. दक्षिण विस्कॉन्सिनचा हा पट्टा त्यांच्याकडून १८२९ आणि १८३२च्या तहांनी घेतला गेला, उरलेला १८३७ मध्ये. मग त्यांना आयोवा, मिनेसोटा, साउथ डकोटा, नेब्रास्का असं ढकलत नेलं. पुन्हा पुन्हा ते चालत परत यायचे. १८७३-७४च्या हिवाळ्यात सैन्य लावून शेवटचं मोठं स्थलांतर घडवलं, तरीही कित्येक परतले. हो-चंक नेशन आजही विस्कॉन्सिनमध्येच आहे, कार्यालय ब्लॅक रिव्हर फॉल्सला.

एका गावाने ज्याला नको म्हणून काढलं, तो ज्या जमिनीवर येऊन बसला, तिथून दुसऱ्यांना काढलेलं होतं. त्याला हे माहीत होतं का? बहुधा आजूबाजूला दिसत असणार. याची बेरीज-वजाबाकी मला जमत नाही. सासऱ्यांनी पान उलटं ठेवलं आणि म्हणाले, "हेही लिही. गाळायचं नाही काही."

बाबांची वही, सासऱ्यांचा कागद

हे सगळं ऐकून पुण्याला बाबांना चेव चढला. ते त्र्यंबकेश्वरला जाऊन आमच्या कुळाच्या तीर्थोपाध्यायांकडची नामावळी बघून आले. पणजोबांच्या वडिलांचं नाव त्यांना तिथे सापडलं, त्यांच्याच हस्ताक्षरात. तुमचंही असेल. आणि वहीपर्यंत जायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला, मोबाईलवर रेकॉर्ड करा. शाळा सोडल्याचे दाखले, जुने सातबारे, लग्नपत्रिका रद्दीत घालू नका. आत्या आणि मावश्यांना आधी विचारा. पत्ता त्यांच्याकडे असतो.

जुलैमध्ये सासरचं गेट-टुगेदर झालं. तीसेक माणसं, मक्याची कणसं, बिअर. सासऱ्यांनी जमीन अजून विकलेली नाही, शेजाऱ्याला तीन वर्षांच्या कराराने दिलीय. राज्यात दीडशे वर्षं एकाच घराण्याकडे असलेल्या शेतांना सन्मानाची पाटी मिळते, तिचा अर्ज त्यांनी भरलाय. सोबत जोडायला मी लिहिलेली चार पानं त्यांनी उभं राहून वाचून दाखवली. मजूर, फुली, एकवीस पौंड, बूट, ब्लँकेटं, कॅनडा, न नोंदलेली सीमा, हो-चंक. एकही ओळ गाळली नाही. नॉर्मन सरदार नसल्याचं दोन काकूंना मनापासून वाईट वाटलं.

नणंदेचा नवरा जेवून झाल्यावर माझ्याकडे आला. त्याच्या आईकडचे लोक यॉर्कशायरचे, असं घरात म्हणतात म्हणाला. पण कागद काही नाही.

"बघशील का जरा?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "बघेन की. पण रांग आहे हं."